सीमेवरचे झाड : महानगरातील अरण्य आणि मराठी निसर्गलेखनाची संज्ञाव्यवस्था

१

शमीला मराठीत सौंदड असेही नाव आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, याच नावाचे गाव आहे. महामार्गाच्या दक्षिणेला नवेगावचे अरण्य आहे, उत्तरेला नागझिऱ्याचे. मधल्या पट्ट्यात भातशेती, तलाव, वस्त्या, रेल्वे आणि रस्ता. २०१३ मध्ये ही दोन्ही अरण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला; परंतु कागदावर एक झालेल्या या अरण्यांच्या मधून महामार्ग जातोच. अरण्य आणि वस्ती यांची सीमारेषा येथे एका बाजूला नाही. ती गावाच्या दोन्ही अंगांना आहे.

शमी हे आपल्या परंपरेत सीमेवरचे झाड आहे. विजयादशमीला गावाची शीव ओलांडून शमीपूजन करावयाचे, असा संकेत आहे. महाभारतात बारा वर्षांचा वनवास संपवून अज्ञातवासासाठी निघालेले पांडव विराटनगरीत शिरण्यापूर्वी आपली शस्त्रे शमीवरच ठेवतात, आणि ती शमी नगराबाहेर, स्मशानाजवळ आहे. वनवास संपला आहे आणि नगरवास सुरू व्हावयाचा आहे, अशा संधिस्थळी हे झाड उभे आहे. ते धड अरण्याचे नाही, धड नगराचेही नाही. वनात वावरलेल्यांनी नगरात शिरताना स्वतःची ओळख जेथे उतरवून ठेवावयाची, ते हे स्थान होय.

या संकेतामागे एक गृहीतक आहे : नगर संपते तेथे अरण्य सुरू होते. मराठी निसर्गलेखन आणि त्याची समीक्षा यांनी हे गृहीतक जवळजवळ तपासणीवाचून स्वीकारले आहे. 'निसर्गलेखन', 'अरण्यानुभव', 'वनसाहित्य' या संज्ञा एका बाजूला आणि 'महानगरीय जाणीव', 'नागर संवेदना' या दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपल्या समीक्षेत रूढ आहे. परंतु ज्या नगरीच्या अनुभवातून महानगरीय जाणिवेची संकल्पना मराठीत घडली, त्या मुंबईच्या सीमेतच सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराचे अरण्य आहे. बोरिवली, मुलुंड, भांडुप आणि ठाणे यांच्या वस्त्यांनी वेढलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान नगरापलीकडचे नाही; नगर त्याच्याभोवती आहे. अशा अरण्याला आपल्या संज्ञाव्यवस्थेत स्थान कोणते? आणि स्थान नसेल, तर उणीव अरण्यात आहे की संज्ञाव्यवस्थेत? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

२

प्रारंभ शब्दांपासून करणे आवश्यक आहे. 'अरण्य' हा शब्द 'अरण' म्हणजे दूरचा, परका, या शब्दाशी संबद्ध आहे. इंग्रजीतील 'फॉरेस्ट' हा शब्दही लॅटिनमधील 'फोरिस', म्हणजे बाहेर, या शब्दाकडे नेला जातो. म्हणजे दोन भिन्न भाषापरंपरांत झाडांच्या दाटीला नाव देताना झाडांकडे पाहिलेले नाही. वस्तीपासूनच्या अंतराकडे पाहिले आहे. अरण्य ही वनस्पतिशास्त्रीय संज्ञा होण्यापूर्वी स्थानवाचक संज्ञा होती. जे आपल्या बाहेर ते अरण्य.

'जंगल' या शब्दाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत 'जांगल' हा विरळ झाडीचा, कोरडा, मोकळा आणि हरणांचा प्रदेश आहे; त्याच्या विरुद्ध दलदलीचा, दाट व ओला 'आनूप' प्रदेश. फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ मधील आपल्या फ्रेंच ग्रंथात या द्वंद्वाचे सविस्तर विश्लेषण केले आणि अर्थविपर्यासाकडे लक्ष वेधले : जो शब्द मूळात मोकळ्या व आरोग्यदायी भूमीचा वाचक होता, तोच पुढे घनदाट, दमट, दुर्गम झाडीचा वाचक झाला. शब्द तोच राहिला. त्यातील भूमी पालटली.

आता 'रान' हा शब्द पाहू. 'अरण्य' या शब्दाचेच हे प्राकृतातून आलेले रूप आहे. परंतु 'अरण्य' ते 'रान' या प्रवासात केवळ आद्य स्वर गळालेला नाही. त्यातील परकेपणही गळाले आहे. रानडुक्कर, रानभाजी, रानोमाळ या शब्दांत रान वस्तीबाहेरचे आहे, हे खरे. 'रानटी' या विशेषणात तर नागर माणसाचा तिटकाराही आहे. पण पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी 'रानात गेलो होतो' असे म्हणतो तेव्हा तो आपल्या शेताविषयी बोलत असतो. जे नांगरले जाते तेही रान, जेथे गुरे चरतात तेही रान, आणि जेथे वाघ राहतो तेही रान. नगर आणि अरण्य यांचे जे द्वंद्व संस्कृत काव्यपरंपरेतून व पुढे पाश्चात्त्य रोमँटिक जाणिवेतून मराठी समीक्षेत आले, ते मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडच्या या शब्दात टिकत नाही. 'रान' ही सलग संज्ञा आहे. तिच्यात सीमा नाही, उतार आहे.

पूर्व विदर्भात ही सलगता अधिक ठळक होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा प्रदेश 'झाडीपट्टी' म्हणून ओळखला जातो. येथील बोली ती झाडीबोली, येथील नाटके ती झाडीपट्टीची रंगभूमी. भाताची कापणी आटोपत आली की दिवाळीपासून गावोगाव जे नाट्यप्रयोग सुरू होतात, त्यांच्या नावातच झाडी आहे. या प्रदेशाने झाडीला आपल्या बाहेर ठेवलेले नाही. तिच्या नावाने स्वतःला ओळखले आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला, त्याचे महत्त्व केवळ बोलीविज्ञानापुरते नाही. झाडी ही जेथे वस्तीची संज्ञा आहे, तेथील भाषेचा तो कोश आहे.

या शब्दमालेच्या दुसऱ्या टोकाला 'उद्यान' हा शब्द आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याच्या वर्ण्य विषयांची जी यादी दिली तीत नगर, समुद्र, पर्वत, ऋतू यांच्यासमवेत उद्यानविहार आहे. वनाचा स्वतंत्र निर्देश नाही. पुढे विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त वन आले आणि त्याच्यासोबत मृगयाही आली. म्हणजे काव्यशास्त्राच्या दृष्टीने निसर्ग हा नागरकाच्या क्रीडेचा तरी प्रदेश आहे, किंवा राजाच्या शिकारीचा तरी. 'राष्ट्रीय उद्यान' ही आधुनिक प्रशासकीय संज्ञा घडली तेव्हा या जुन्या शब्दाचे संस्कार नकळत तिच्याबरोबर आले. बिबळ्याच्या अधिवासाला 'उद्यान' म्हटले की नागरिक तेथे फेरफटक्याला जातो, हे स्वाभाविक आहे. आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस अतिक्रमक ठरतो, हेही त्याच शब्दाच्या तर्काला धरून आहे. उद्यानात कोणी राहत नसते.

३

या पार्श्वभूमीवर मराठी निसर्गलेखनातील तीन प्रमुख भूमिका पाहता येतील.

दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे या लेखनाचे एक प्रस्थान. त्याचे रचनातत्त्व काळ हे आहे, स्थळ हे नाही. चैत्रापासून एकेक महिना घेऊन त्या महिन्यातील झाडे, फुले, आकाश, लोकपरंपरा आणि काव्यस्मृती यांची गुंफण दुर्गाबाई करतात. या रचनेचा एक परिणाम समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही. निसर्ग काळात वसवला की तो कोठेही असू शकतो. महिना गावाला येतो तसा नगरालाही येतो. मुंबईत राहणाऱ्या, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आयुष्याचा मोठा भाग घालवलेल्या लेखिकेला निसर्गाकडे जाण्यासाठी नगर सोडावे लागले नाही, कारण तिच्या लेखी निसर्ग हा प्रदेश नव्हता. ती घटना होती. पुढे त्यांनी थोरोच्या 'वॉल्डन'चे मराठी भाषांतर केले, हेही येथे अर्थपूर्ण ठरते. वॉल्डन तळे काँकॉर्ड गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि थोरोचे एकांतवासाचे प्रयोग वस्तीच्या हाकेवरच चालले होते. या भूमिकेत नगर-अरण्य द्वंद्व ओलांडण्याची शक्यता आहे. तिची मर्यादाही त्याच जागी आहे : ऋतूला मालक नसतो, भूमीला असतो. काळात वसवलेला निसर्ग कोणाचा, हा प्रश्न 'ऋतुचक्रा'च्या रचनेत उद्भवतच नाही.

व्यंकटेश माडगूळकर यांची भूमिका स्थळाची आहे. 'नागझिरा' हे त्यांचे पुस्तक याच पूर्व विदर्भातील अरण्याचे. पुण्यातील माणूस काही दिवस अरण्यात राहतो, पाहतो, नोंदी करतो आणि परततो. हा यात्रेचा रूपबंध आहे. जाणे आणि परतणे या दोन क्रियांनी तो बांधलेला असल्याने नगर त्यात अनुपस्थित राहूनही सर्वत्र उपस्थित असते. जे टाकून आलो त्याच्याशी तुलना होत राहते आणि अरण्याचे अरण्यपण त्या तुलनेतून उजळते. 'सत्तांतर' (१९८२) या कादंबरिकेत मात्र माडगूळकर वेगळे काही करतात. तेथे निवेदक मागे सरतो आणि वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष स्वतःच्या गतीने उलगडतो. शीर्षकातील शब्द राजकारणातला, म्हणजे नगराचा आहे. अरण्याचे वर्णन करण्यासाठी नगराचा शब्द घ्यावा लागणे याकडे मानवीकरणाचा दोष म्हणून पाहिले जाऊ शकते. परंतु उलट बाजूने पाहिल्यास नगराला आपले राजकारण अरण्यात ओळखू येते, असाही त्याचा अर्थ होतो. यात्रेच्या रूपबंधाने जी सीमा आखली ती 'सत्तांतर'च्या भाषेने पुसट केली.

तिसरी भूमिका मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांची. वनखात्यातील ३६ वर्षांच्या नोकरीत त्यांचा महत्त्वाचा काळ नवेगावबांधला गेला. ते यात्रिक नव्हते. ते निवासी होते, आणि त्याच वेळी शासनाचे अधिकारीही होते. हे दुहेरी स्थान त्यांच्या लेखनाच्या केंद्राशी आहे. अरण्यातील जाणत्या माणसांकडून, आदिवासींकडून, ढिवरांकडून त्यांनी नावे आणि निरीक्षणे घेतली. 'शब्दांचं धन' या शीर्षकात त्या ऋणाची कबुली आहे. परंतु याच लेखकाने कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे संस्कृत घडणीचे शब्दही दिले. एकीकडे बोलीतून वर आलेले शब्द, दुसरीकडे वरून खाली दिलेले शब्द. ही विसंगती दोष म्हणून दाखवण्याचे कारण नाही. अरण्याला मराठीत आणताना ते कोणत्या मराठीत आणावयाचे, हा खरा प्रश्न होता आणि चितमपल्लींनी त्याची दोन्ही उत्तरे एकाच वेळी देऊन पाहिली. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा वनाधिकाऱ्याच्या टिपणवहीला साहित्याचा दर्जा मिळाला, असे म्हणता येईल.

चितमपल्लींच्या नवेगावसंबंधी आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या अरण्याच्या केंद्रस्थानी जो जलाशय आहे तो निसर्गनिर्मित नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, आणि गावाच्या नावातील 'बांध' हा शब्द त्याची साक्ष आहे. ज्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात ते पाणी कोहळी समाजाच्या सिंचनविद्येने अडवलेले आहे. मराठीतील अरण्यलेखनाचे सर्वांत समृद्ध क्षेत्र मानवाने घडवलेल्या तळ्याकाठी आहे, हे ध्यानात घेतले की 'अस्पर्श अरण्य' ही कल्पना प्रथम तेथेच ढासळते.

४

महानगरीय साहित्याकडे वळल्यास दृश्य पालटते. मुंबईच्या मराठी साहित्यात, साठोत्तरी कालखंडात विशेषतः, नगराचे भूगोल नव्याने रेखाटले गेले. नारायण सुर्वे यांच्या कवितेतील गिरणगाव, जयवंत दळवी यांच्या 'चक्र'मधील झोपडपट्टी, भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका', बाबूराव बागूल यांच्या कथांतील वस्त्या, नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'तील निषिद्ध गल्ल्या, या सर्वांनी प्रतिष्ठित नगराच्या नकाशावर नसलेली स्थळे साहित्याच्या नकाशावर आणली. ही कामगिरी असामान्य आहे. तरीही या नकाशाच्या उत्तरेकडील मोठा हिरवा भाग कोराच राहिला. विहार व तुळशीचे पाणी ज्या नळांना येत होते ते नळ या साहित्यात आहेत, नळावरची भांडणे आहेत. ते पाणी ज्या रानातून येते ते रान त्याच्या केंद्राशी आले नाही.

त्याऐवजी रूपक आले. 'सिमेंटचे जंगल', 'काँक्रीटचे जंगल' ही शब्दयोजना वृत्तपत्रीय गद्यापासून काव्यापर्यंत इतकी रुळली की तिचे रूपकत्वही जाणवेनासे झाले. या रूपकाची घडण पाहण्याजोगी आहे. जंगल म्हणजे निर्दयता, दाटी, दिशाहीनता, बळी तो कान पिळी. हे गुण नगरात आढळतात. म्हणून नगर हे जंगल. या रूपकाने नगराविषयी काही सांगितले असेल, पण त्यासाठी त्याने जंगलाला केवळ दुर्गुणांचा साठा केले. आणि ज्या नगरात खरे जंगल आहे त्याच नगरासंबंधी ते सर्वाधिक वापरले गेले, ही त्यातील विडंबना. उपमान समोर उभे असताना ते उपमेयाखाली झाकले गेले. रूपकाच्या दोन्ही बाजू एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत, हे मराठी वाचकाला या शब्दयोजनेने कधी जाणवू दिले नाही.

या अंधबिंदूकडे पाहण्यासाठी आवश्यक असलेले समीक्षात्मक साधन मराठीत नव्हते, असे मात्र नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) मधील 'मयसभा' या लेखात खांडववनाच्या दहनाची निर्मम चिकित्सा केली. अग्नीला तृप्त करण्याच्या कथेआड पशुपक्ष्यांचा आणि नागांचा जो संहार आहे, त्याकडे त्यांनी वाचकाला पाहावयास लावले. त्या कथेतील रचनेचा एक दुवा येथे विशेष महत्त्वाचा आहे. दहनातून वाचलेल्या मोजक्यांपैकी एक जो मय, त्यानेच पांडवांची ती अद्भुत सभा बांधून दिली. नगरातील सर्वांत दिमाखदार वास्तू ही जळालेल्या वनातून वाचलेल्याच्या हातची आहे. या दृष्टीने पाहता नगर आणि अरण्य हे शेजारी नाहीत. नगर हे अरण्याचे ऋणको आहे, आणि ऋण फेडण्याऐवजी धनकोलाच त्याने कामाला ठेवले आहे. ही दृष्टी महाभारताच्या आकलनापुरती राहिली. महानगरीय साहित्याच्या समीक्षेत ती उतरली नाही.

मुंबईच्या अरण्यात मय कोण, हे विचारणे मग अपरिहार्य होते. आरे आणि राष्ट्रीय उद्यान यांतील पाड्यांवर वारली आणि अन्य आदिवासी राहत आले आहेत. वारल्यांचा मराठी साहित्यातील सर्वांत प्रभावी प्रवेश गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथातून झाला. पण तो प्रदेश डहाणू-तलासरीचा, आणि तेथील वेठीविरुद्धच्या लढ्याचा. वारली म्हटला की तो दूरचा, डोंगराळ तालुक्यातला, हा समज त्यातून नकळत दृढ झाला. लोकल गाडीच्या स्थानकापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर राहणारा वारली या प्रतिमेत बसत नाही. तो आदिवासी म्हणून फार जवळ आहे आणि मुंबईकर म्हणून फार लांब. तिथिपंचांगातील एका दिवसाने हे अंतर मोजता येते. आश्विन वद्य द्वादशीला शहरातील घरांत वसुबारस असते, गाय-वासराची पूजा होते. त्याच तिथीला पाड्यांवर वाघबारस असते आणि वाघोबाला नैवेद्य दाखवला जातो. एकाच महानगरातील दोन वस्त्या एकाच दिवशी भक्ष्याची आणि भक्षकाची पूजा करतात. 'महानगरीय जाणीव' या संज्ञेत यांपैकी पहिलीच पूजा मावते.

५

या अरण्याला 'प्राचीन' म्हणताना त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. प्राचीन म्हणजे मानवरहित, असा अर्थ येथे लागू पडत नाही. कान्हेरीची शंभरावर लेणी याच अरण्याच्या मध्यभागी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास त्यांचे खोदकाम सुरू झाले आणि पुढे अनेक शतके तेथे भिक्षुसंघ नांदला. तेथील ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा अशा व्यापारी नगरांतील दात्यांचे उल्लेख आहेत, आणि दानांत लेण्यांबरोबर पाण्याच्या पोढीही आहेत. म्हणजे दोन सहस्रकांपूर्वीही हे रान नगरांच्या व्यवहारात गुंतलेले होते : नगरांनी धन दिले, रानाने एकांत दिला, आणि दोघांनी मिळून पाणी अडवले.

एकोणिसाव्या शतकात तोच व्यवहार वेगळ्या स्वरूपात परतला. मुंबईची तहान भागवण्यासाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पुरे झाले. तलावांचे पाणलोट क्षेत्र राखणे हे नगराच्या आरोग्याचे काम ठरले आणि त्या राखणीत झाडी टिकली. जे अरण्य नगरापासून वाचले असे वरवर पाहता वाटते, ते मोठ्या प्रमाणात नगराच्या गरजेमुळे वाचले. नवेगावचा बांध आणि विहारचा बांध यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, बांधणाऱ्यांच्या सत्तेत आणि हेतूंतही अंतर आहे. परंतु दोन्ही ठिकाणी अरण्य आणि जलाशय हे मानवी हाताच्या खुणा वागवतात. पाठचिकित्सेची भाषा वापरावयाची तर हे अरण्य एकहाती संहिता नाही. तिच्यात क्षेपक आहेत, आणि क्षेपक काढून टाकले तर मूळ संहिता हाती लागण्याऐवजी संहिताच नाहीशी होईल.

विल्यम क्रोनन यांनी १९९५ मधील आपल्या बहुचर्चित निबंधात 'अस्पर्श निसर्ग' ही अमेरिकी कल्पना नागर संस्कृतीचीच निर्मिती असल्याचे दाखवले, आणि त्याआधी १९८९ मध्ये रामचंद्र गुहा यांनी ती कल्पना भारतासारख्या देशात आणली की तिची किंमत गरिबांना मोजावी लागते, असा इशारा दिला होता. मुंबईत हा इशारा खरा ठरला. १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि पुढील काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. अरण्य राखणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु 'उद्यान' या शब्दाच्या चौकटीत राखणीचा एकच अर्थ उरतो : माणूस बाहेर काढणे. झोपडीत येऊन वसलेला कामगार आणि पाड्यावर पूर्वापार राहणारा आदिवासी यांतील फरक करण्यास ती चौकट असमर्थ असते.

याच्या उलट दिशेने जाणारी एक कथा मराठीला मिळाली आहे. २००९ मध्ये विहिरीतून सोडवून माळशेज घाटात सोडलेला एक बिबळ्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या या अरण्याच्या परिसरात आला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याला मागोवा घेणारा पट्टा बसवला होता. त्याला 'आजोबा' हे नाव मिळाले, आणि सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपट केला. समीक्षेच्या दृष्टीने या कथेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, नाव. हिंस्र मानलेल्या प्राण्याला नात्याचा शब्द देणे हे 'रूपकात्मक जंगला'च्या थेट विरोधी आहे. वाघोबाच्या पाड्यावरील नात्याशी ते अधिक जवळचे आहे. दुसरी, दिशा. मराठी निसर्गलेखनात माणूस नगरातून अरण्यात जातो. येथे अरण्याचा रहिवासी महानगराकडे चालत येतो, शेते, महामार्ग, वस्त्या ओलांडत येतो, आणि त्याच्या लेखी हे सर्व एक सलग रान आहे. यात्रेचा रूपबंध उलटला की सीमा कोणी आखली होती ते उघड होते. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. सलगता त्याने गृहीत धरली होती. रस्त्याने ती मान्य केली नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. नगराने वेढलेले, पर्यटकांनी गजबजलेले, रस्त्यांनी चिरलेले रान हे साहित्यदृष्ट्या अरण्य नव्हेच. तेथे नागझिऱ्याचा एकांत, गूढता, भय यांचा अनुभव येत नाही. म्हणून त्याचे साहित्य झाले नाही, हे स्वाभाविकच, असे म्हटले जाऊ शकते. या आक्षेपात तथ्यांश आहे. अनुभवांची प्रत सारखी नाही. परंतु हा आक्षेप अरण्याची व्याख्या पाहुण्याच्या अनुभवावरून करतो. एकांत आणि गूढता ही नगरातून आलेल्याची गरज आहे. पाड्यावरच्या माणसाला अरण्य गूढ नसते, ते कामाचे असते, धोक्याचे असते आणि आपले असते. गूढता हा निकष लावला तर नागझिऱ्यालगतच्या गावकऱ्याचेही अरण्य अरण्य राहणार नाही. महानगरातील रान म्हणूनच अपवाद ठरत नाही. इतरत्र झाकले गेलेले सत्य तेथे उघडे पडते, एवढेच.

६

ही चर्चा केवळ वाङ्मयीन वर्गीकरणाची आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात असा आदेश दिला की १९८० च्या वन संरक्षण कायद्यातील 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा; जमीन कोणाच्या मालकीची आहे यावर तो अवलंबून नसावा. न्यायाच्या सर्वोच्च स्थानाने शब्दार्थाचा निर्णय कोशकारावर सोपवला, ही घटना भाषेच्या प्रत्येक अभ्यासकाने मनावर घेण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेच्या संदर्भात हाच प्रश्न उच्च न्यायालयापुढे होता : हे वन आहे की नाही? मेट्रोच्या कारशेडविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबरला फेटाळल्या गेल्या, त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, राज्य शासनाने आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय घेतला. झाडी तीच होती, शब्द बदलला.

२०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याची व्याप्ती प्रामुख्याने अधिसूचित व नोंदलेल्या वनांपुरती आणली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने कोशातील अर्थच तूर्त चालू ठेवला. या वादाचे सर्वांत मराठी प्रकरण मात्र पूर्व विदर्भात घडले. 'झुडपी जंगल' ही गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील महसुली नोंदींतली संज्ञा. झुडपे असलेली, हलक्या प्रतीची, पडीक जमीन असा तिचा व्यवहारातला अर्थ. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही झुडपी जंगले १९९६ च्या आदेशानुसार वनच मानावीत, असा निर्णय दिला. त्या जमिनींवर मधल्या काळात घरे, शेते, शाळा, कार्यालये आणि स्मशाने उभी राहिली होती. १९९६ पूर्वीच्या वापराला न्यायालयाने संरक्षण दिले. झिमरमन यांनी दाखवलेला जुना 'जांगल' प्रदेश, विरळ, कोरडा, झुडपांचा, दोन सहस्रकांच्या अर्थांतरानंतर येथे पुन्हा 'जंगल' या नावाने न्यायालयात उभा राहिला. आणि त्याच जमिनीवर एकाच वेळी वन आणि वस्ती दोन्ही आहेत, हे न्यायनिर्णयालाही मान्य करावे लागले.

सौंदडच्या परिसरातील माणसाला या निर्णयाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. झाडीत राहणाऱ्याला झाडी आणि गाव वेगळे करता येत नाहीत, हे त्याला न्यायालयाआधीही ठाऊक होते. प्रश्न मराठी समीक्षेचा आहे. कायदा अर्थासाठी कोशाकडे जातो. कोश अर्थासाठी भाषेच्या वापराकडे, म्हणजे मोठ्या अंशी साहित्याकडे जातो. साहित्यात जंगल जर केवळ दूरचे, गूढ, निर्मनुष्य किंवा नगराच्या क्रौर्याचे रूपक असेल, तर नगराच्या आतले, माणसांनी वसलेले, बांधाच्या पाण्यावर जगणारे रान कोशातही सापडणार नाही आणि कायद्यालाही दिसणार नाही. 'निसर्गलेखन' आणि 'महानगरीय साहित्य' या दोन दालनांमधील भिंत समीक्षेने बांधली आहे. तिची किंमत समीक्षेबाहेर मोजली जाते.

म्हणून आवश्यकता नव्या संज्ञेची नाही. 'रान' ही जुनी, सलग, उताराची संज्ञा मराठीत आहेच. तिला समीक्षेच्या परिभाषेत प्रतिष्ठा देणे एवढेच बाकी आहे. पाड्यांवरील मौखिक परंपरा, वाघोबाच्या कथा, वनाधिकाऱ्यांच्या नोंदी, याचिकांतील प्रतिज्ञापत्रे, गिरणगावाच्या कवितेतील नळाचे पाणी, हे सर्व एकाच रानाचे साहित्य म्हणून वाचले गेले, तर महानगरीय जाणिवेचा अर्थ विस्तारेल आणि अरण्यानुभवाचाही. पांडवांनी शस्त्रे शमीवर ठेवली आणि ते नगरात निघून गेले. वर्षभर ते झाड एकटेच ती शस्त्रे सांभाळत उभे होते. नगराच्या कथेत त्या वर्षात पुष्कळ काही घडते. झाडाविषयी महाभारतकाराला फारसे काही सांगावयाचे नव्हते. विस्तारलेली नगरी आता त्या झाडापाशी येऊन पोचली आहे आणि झाड नगराच्या आत आले आहे.